पांढरीची माती

"आक्का, तुझीबी सही लागतीया," धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "वकील म्हणतोय, पोरींच्या सह्या झाल्याबिगार गिऱ्हाईक विसार देत न्हाई."

गिऱ्हाईक म्हणजे आमच्या गडहिंग्लजच्या घराचं. नदीकडच्या जुन्या पेठेतलं घर, पुढं सोपा, मागं परडं, परड्यात आड. माझं लग्न 1988 साली झालं आणि त्या दिवसापासून ते माझं माहेर झालं. माहेर म्हणजे जिथं चार दिवस राहून परत निघायचं असतं ती जागा. त्या घराच्या कागदावर आपलं नाव असू शकतं हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. भावानं मालमत्ता पत्रकाचा फोटो पाठवला. अकरा नावं होती, त्यांतलं चौथं माझं. लग्नाआधीचं, आप्पांच्या नावासकटचं. त्या नावानं इतक्या वर्षांत कुणी हाकही मारली नव्हती. मी फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

चार दिवसांनी कोल्हापूरहून निघाले. कागल सोडलं की एसटी कर्नाटकात शिरते आणि निपाणी मागं टाकून पुन्हा महाराष्ट्रात येते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि निपाणी-संकेश्वर तिकडं, गडहिंग्लज इकडं अशी रेघ पडली. आमच्या घराला ती रेघ कधी नीट कळलीच नाही. आज्जी देवाशी मराठीत बोलायची आणि मिरचीचा भाव कानडीत करायची. आत्याला आम्ही आत्तीच म्हणत आलो. गावाचं नावही आम्ही लिहितो एक आणि बोलतो एक. जुन्या माणसांच्या तोंडी ते गडिंग्लजच.

गाव ओसाड पडलंय असं मात्र कुणी समजू नये. गडहिंग्लज वाढतंय. संकेश्वर-बांदा महामार्ग रुंद झाला, त्याच्या कडेनं मजल्यांवर मजले चढले, दवाखाने आले, शाळा-कॉलेजं मोठी झाली. दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉलचे सामने सुरू झाले की सगळा तालुका तिथं लोटतो. हे वेड आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. विझत चाललीय ती जुनी पेठ. पूर्वी गावाचं तोंड नदीकडं होतं. पाणी, धुणं, गुरं, दशक्रिया, सगळ्यांची वाट तिकडं उतरायची. नळ आले, मग बोअर आले, आणि गावानं हळूहळू कूस बदलली. आता तोंड हमरस्त्याकडं आहे आणि पाठ हिरण्यकेशीकडं. पाठीकडची घरं आधी रिकामी झाली. आमच्या बोळात मी लहानपणी चौदा उंबरे मोजले होते. परवा मोजले तर पाच घरांत दिवा होता. त्यांतल्या दोन घरांत एकेक म्हातारी.

घर उघडायला भाऊ किल्ली घेऊन आला होता. काकी जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून कुलूप. दिंडी ढकलली तर आतून मिरचीचा वास आला. तीन वर्षं बंद असलेल्या घरातून. मला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं मिरचीमुळं किती हे मला सांगता येणार नाही.

आमच्या आजोबांची अडत होती. संकेश्वरी मिरचीची. लांब, बारीक, सुरकुतलेली, गडद लाल. कोल्हापूरच्या कांदा-लसूण चटणीला जो रंग येतो तो पूर्वी हिच्यावरच यायचा. तालुक्याच्या पूर्वेच्या कोरडवाहू रानातून ती थंडीत यायची. बाजार समितीचं यार्ड झालं आणि सौदे तिकडं गेले, तरी आमच्याकडं थोडी मिरची येतच राहिली. सोपा, मधला सोपा, माडी, जिथं जागा असेल तिथं लाल. देठ खुडायला बायका यायच्या. आज्जी, आई, काकी त्यांच्यात बसायच्या. संध्याकाळी हातांची आग व्हायची म्हणून तेल लावून, हात परातीतल्या गार पाण्यात बुडवून बसलेल्या बायका मला अजून दिसतात. पुढं चित्रीच्या धरणाचं पाणी आलं, हरळीचा साखर कारखाना होताच, रानात ऊस उभा राहिला. मिरचीवर रोग पडायला लागले, बाजारात ब्याडगी आणि संकरित वाण आले. संकेश्वरीचं रान आक्रसत गेलं. उसानं माणसांच्या हातात पैसा दिला, हे खरंच आहे. पण उसाला सोपा लागत नाही. ऊस फडातून थेट गाडीत आणि गाडीतून कारखान्यात जातो. ज्या पिकासाठी घराची ही एवढी लांबीरुंदी होती, ते पीकच घरात यायचं थांबलं.

या घराविषयी लिहायचं तर मला मातीपासून सुरुवात केली पाहिजे. आपल्याकडं शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळीत पिकायचं, पांढरीत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं उभी राहिली, पडली, त्यांच्यावर नवी उठली, त्यात चुलीची राख मिसळली, शेणमूत मुरलं, आणि गावाखालची जमीन फिकट होत गेली. घर बांधायचं तर हीच माती काढायची, पाणी घालून मुरवायची, काड टाकून पायांनी तुडवायची. आमच्या भिंती अशा आहेत. दोन हात रुंद. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, माझ्या कमरेएवढं. म्हणजे आमचं घर बांधलं त्याच्या आधी जी घरं पडली, त्यांचीच माती आमच्या भिंतींत आहे. आजोबा म्हणायचे, "ही भिंत तुझ्या आज्ज्याच्या आज्ज्याला वळखती." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं.

लाकूड आजरा-आंबोलीकडच्या जंगलातलं. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं की सोप्याचे चारही खांब सागवानी. परवा जुनं लाकूड घेणारे एक म्हातारे आले होते. त्यांनी बोटाच्या पेरानं खांबावर टकटक केलं, खिशातल्या चाकूनं तळखड्याजवळ एक पातळ ढलपी काढली आणि उजेडात धरली. आतून पिवळं धमक निघालं. "ह्यो फणस हाय, बाई. साग माडीच्या तुळया तेवढ्या." शंभर वर्षं ज्याला टेकून बसलो तो खांब फणसाचा होता हे मला घर विकायच्या आठवड्यात कळलं. मला वाईट नाही वाटलं. फणस घरच्यासारखा वाटला, सागापेक्षा जवळचा.

आणि कौलं. आधीची कौलं गावच्या कुंभाराची, पन्हाळीसारखी, हलकी. मांजर धावलं तरी सरकायची. मग आजोबांनी मंगळुरी कौलं घातली. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळूरजवळ जेप्पूला कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकण माती भाजून, खाचा पाडलेली, एकमेकांत अडकणारी कौलं. मग तिथं एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत सगळ्या छपरांचा रंग बदलला. आमच्या न्हाणीवरचं एक कौल फुटून खाली आलं होतं, त्याच्या पाठीवर रोमन अक्षरांत मंगळूर असं उठवलेलं. पाचवीत इंग्रजी अक्षरं शिकल्यावर मी पहिला पूर्ण शब्द वाचला तो पुस्तकात नाही, त्या कौलावर. हिरण्यकेशीच्या काठचं घर नेत्रावतीची माती डोक्यावर घेऊन उभं आहे हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

घर बांधून झालं की झालं, असं या घरांचं नसतं. ते दर वर्षी थोडं थोडं परत बांधावं लागतं. वैशाखात शाकारणी. गडी वर चढणार, कौलं उतरवणार, शेवाळ खरवडणार, कुजलेली रीप बदलणार, फुटकी कौलं बाजूला काढून परत रचणार. मृगाच्या आत हे व्हायलाच हवं. दसऱ्याआधी भिंती पोतारायच्या. आठवड्याला जमीन सारवायची. पावसाळ्यात वळचणीचं पाणी जोत्याशी साचतंय का हे रोज बघायचं आणि साचत असलं तर खुरपं घेऊन चर काढायचा. यातलं छपरावरचं काम पुरुषांचं, वर्षातनं एकदा. बाकीचं सगळं बायकांचं, रोजचं. चुलीचा धूर माडीतून, तुळयांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर जायचा आणि जाता जाता लाकूड राखायचा. धुरानं काळ्या पडलेल्या त्या तुळयांना कधी भुंगा लागला नाही. 1992 च्या सुमारास गॅस आला. आईचे डोळे वाचले, खोकला थांबला. देवाची कृपाच म्हणायची. आणि पाचसहा वर्षांत माजघराच्या वाशांतून पिवळा भुगा गळायला लागला.

हे मी पुन्हा पुन्हा मनात उलटवून बघते. जुन्या घरांच्या आठवणी लिहिणारे पुष्कळदा सारवलेल्या जमिनीचा गारवा लिहितात. सारवणाऱ्या हाताविषयी लिहीत नाहीत. माझ्या आईच्या तळहातांना हिवाळ्यात भेगा पडायच्या आणि त्यांत शेण जाऊन त्या झोंबायच्या. ते घर जसं होतं तसं राहावं असं म्हणणं म्हणजे आईनं तसंच राबत राहावं असं म्हणणं आहे, आणि ते मला म्हणवत नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. देठ खुडायला येणाऱ्या सगळ्याच बायका सोप्यावर बसत नसत. काहीजणी खाली, जोत्याच्या कडेला, बोळात बसायच्या. त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. मीही ओतलंय, सात-आठ वर्षांची असताना, तांब्या उंच धरून. या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी आणि इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्याचा हुकूम 1919 साली काढलेला. 1920 च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यात माणगावला परिषद झाली आणि तिथं महाराजांनी डॉ. आंबेडकरांना नेते म्हणून लोकांपुढं उभं केलं. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी आमच्या जोत्यावरून पाणी वरून पडत होतं. जोत्याची उंची पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून ठेवलेली असते असं आम्हाला सांगत. ती तेवढ्याचसाठी नव्हती.

आमच्या बोळाच्या टोकाला एक मोठा वाडा होता, दप्तराचा. गावचे कागद तिथं रुमालात बांधून ठेवलेले असत, मोडीतले. शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतनं खालसा केली आणि तलाठी नेमले. मुंबई इलाख्यात हीच गोष्ट कायद्यानं व्हायला आणखी तीसेक वर्षं लागली. दप्तर चावडीला गेलं आणि त्या वाड्याचं काम संपलं. पुढं 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. नंतरच्या वर्षांत कित्येक कुटुंबांनी गावं सोडून पुण्या-मुंबईची वाट धरली. कुळकायदा आला आणि दूर राहून जमीन राखणं संपलं. जमीन कसणाऱ्याची झाली हे न्यायाचं झालं. घरं जाळली हा अन्याय झाला. दोन्ही वाक्यं मला एका श्वासात म्हणता येतात. त्या वाड्याच्या जागी आज तीन मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलचं दुकान. वाड्याच्या आडाची जागा कुठं होती हे फक्त मला आणि समोरच्या म्हातारीला माहीत आहे.

ज्या घरात कुणी लिहीत बसलं त्याचं नाव तरी उरतं. शेजारच्या चंदगड तालुक्यात, ताम्रपर्णीच्या काठी कोवाड आहे. रणजित देसाई तिथले. 1962 साली 'स्वामी' आली तेव्हापासून मराठी वाचकाला कोवाड हे नाव नकाशा न बघता ठाऊक आहे. पण ज्या घरांत फक्त मिरची निवडली गेली, बाळंतपणं झाली, वाटण्यांवरून भांडणं झाली आणि मिटली, त्यांचं काय उरायचं?

राष्ट्रीय पातळीवर प्राचीन वास्तूंचा कायदा 1958 चा, राज्याचा 1960 चा. किल्ले, देवळं, लेणी यांच्यासाठी ते आहेत. ज्यात माणसं राहतात, ज्यात भाऊबंदकी आहे आणि ज्याच्या न्हाणीचा पाइप गळतो, असं घर त्यांच्या हिशोबात सहसा बसत नाही. सामानगड आमच्यापासून दहाएक किलोमीटर. 1844 साली तिथल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला. आज सुट्टीच्या दिवशी मुलं तिथं जातात, दगडांवर हात फिरवतात. त्याच काळातली माणसं खाली गावात ज्या घरांत झोपत होती त्यांच्यावर कोण हात फिरवणार?

नदीच्या उगमाशी मात्र एक चांगली गोष्ट घडली. आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात एक इवलासा सोनेरी मासा सापडला. शास्त्रज्ञांनी 2020 साली त्याला नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. त्या माशासाठी सरकारनं 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. वाचून मला फार आनंद झाला. बोटभर मासा, पण कुणी तरी वाकून बघितलं, त्याला नाव दिलं, आणि नाव दिल्यावर त्याला राखणं भाग पडलं. नदीच्या खालच्या अंगाला साठेक किलोमीटरवर आमच्या बोळात असं वाकून कुणी आलं असतं तर, असं मनात येतंच. पेठेतल्या घरांची एक यादी सुद्धा मी कधी पाहिलेली नाही.

त्याच उगमाकडून पूरही येतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या गावात त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे गडहिंग्लजला उन्हाची तिरीप असतानाही नदी फुगलेली असू शकते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी बोळात आलं. 2021 च्या जुलैत पुन्हा. काकी एकटी होती. पाणी जोत्याच्या वरच्या थरापर्यंत चढलं आणि उंबऱ्याशी थांबलं. ज्यांनी जोतं बांधलं त्यांना नदी माहीत होती. तरीही पूर ओसरल्यावर दोन महिन्यांनी माडीखालची भिंत पोटाशी फुगली आणि एका रात्री बसली. कारण पुराचं नव्हतं, आमचं होतं. दरसाल पोतारायला नको म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीच त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. घर पक्कं होईल, काकीचे कष्ट वाचतील, अशा चांगल्या मनानंच. मातीची भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर ते सोडून देते. वर सिमेंट चढलं की आत शिरलेली ओल कोंडते आणि माती आतल्या आत चिखल होत जाते. बाहेरून गिलावा गुळगुळीत दिसत राहतो. चुन्याचा गिलावा केला असता तर ती भिंत कदाचित बसली नसती. मातीचं काम जाणणाऱ्या कुणाला विचारायला हवं होतं. विचारायचं कुणाला, तर ज्या म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं असतं त्याची मुलं स्लॅबच्या कामावर होती, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. घर जुनं झालं म्हणून पडलं असं मला म्हणता येत नाही.

अकरा नावांपैकी चौघं गडहिंग्लजमध्ये, नव्या वसाहतीत. दोघं पुण्याला, एक बेळगावला, मी कोल्हापूरला, एक बंगळूरला. एक आत्ती, नव्वदीची, मुलीकडं संकेश्वरला. एक पुतण्या ओसाकाला. त्यानं तिथल्या वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवलं. फोनवर तो म्हणाला, "आत्ती, हितं पण गल्लीबोळात बंद घरं हायत. अकिया म्हणतात." तिथं 2023 ची मोजणी झाली तेव्हा नव्वद लाख घरं रिकामी निघाली, सगळ्या देशातल्या घरांच्या जवळजवळ चौदा टक्के. "फुकट देतो म्हटलं तरी कोण घेत न्हाई," म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती की आधार, मला ओळखता आलं नाही.

आत्ती दहा वर्षांची होती तेव्हा घराची मागची खोली बांधली गेली. तिनं स्वतः माती तुडवली होती. तिच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे माझ्या दुसऱ्या आत्तीनं, पुढं हक्कसोड लिहून दिलं. बहुतेक बहिणी देत असत. भावाशी वाकडं कशाला, माहेर तुटायला नको. एक साडी, एक चोळी, ओटीत नारळ, आणि अंगठा. 1956 च्या वारसा कायद्यात बापाच्या वाट्यातला हिस्सा मुलीला होता, पण राहत्या घराची वाटणी ती मागू शकत नव्हती. भावांनी वाटणी करायची ठरवली तरच. लग्न झालेल्या मुलीला त्या घरात राहायचाही हक्क नव्हता. नवरा गेला किंवा नवऱ्यानं टाकलं तर होता. म्हणजे माहेरच्या छपराखाली यायचं तर आधी दुःख घेऊन यायचं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मानं वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. मी वगळलेली. 9 सप्टेंबर 2005 ला देशभरचा कायदा बदलला, राहत्या घराची ती अट गेली. तरी आप्पा 1999 साली गेलेले, त्यामुळं माझं काय यावर वकिलांची मतं दोन होती. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माचा आहे, 2005 ला कायदा बदलला त्या दिवशी बाप हयात होता की नाही हे बघायचं कारण नाही.

म्हणून माझं नाव चौथं.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही सकाळपासून बसलो होतो. आत्तीला खुर्चीवरून उचलून आणलं होतं. यंत्रावर तिचा अंगठा काही उमटेना. तीनदा पुसला, ओला केला, पुन्हा टेकवला. रेषाच उरल्या नव्हत्या. भाऊ हळूच म्हणाला, "सगळं सारवण्यात गेलं बग तिचं." मग दुसऱ्या बोटानं झालं.

माझी पाळी आली तेव्हा भावानं पिशवीतून साडी काढली. हक्कसोडाची नव्हे, विक्रीच्या पैशात माझा वाटा धरलेलाच होता, त्यानं तो आपणहून लिहिलेला. साडी नुसती द्यायची म्हणून. हिरवी, लाल काठाची. मी साडीही घेतली आणि वाटाही घेतला. घरी आल्यावर एका नात्यातल्या बाईनं विचारलं, "तुला काय कमी हाय, घेतलास ते?" कमी काहीच नाही. आईच्या हाताच्या भेगा, दुसऱ्या आत्तीचा तो अंगठा, काकीनं एकटीनं पुरात काढलेली रात्र, हे सगळं त्या आकड्यात मावत नाही हेही मला माहीत आहे. पण ते शून्य होतं असं कागदावर यापुढं राहू नये असं मला वाटलं, आणि म्हणून घेतला.

वैशाखात, ज्या दिवसांत शाकारणी व्हायची त्याच दिवसांत, कौलं उतरवली. या वेळी ती परत चढली नाहीत. खांब एका शेतघरासाठी गेले. तुळया वखारीत. दगड नव्या मालकानं पायासाठी ठेवले. कुलपाची दिंडी कुणी घेईना, ती भावानं आपल्या गच्चीवर नेऊन ठेवली. मी न्हाणीवरचं एक कौल मागून घेतलं.

मातीला मात्र गिऱ्हाईक लगेच मिळालं. पांढरीची माती रानाला मानवते हे आमच्याकडं अजून लोकांना माहीत आहे. नदीपलीकडं भडगावच्या बाजूला एकाचं रान आहे, तो ट्रॅक्टर घेऊन आला. भिंती पडत होत्या आणि ट्रॉल्या भरत होत्या. धूळ इतकी की बोळ दिसेना. धुळीलाही ठसका होता. चार दिवसांत आमचं घर पुलावरून पलीकडं गेलं आणि उसाच्या बांधाला ढीग होऊन पडलं, पाऊस पडल्यावर पसरायचं म्हणून.

मी कोल्हापूरला परतले. मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस धरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात भावानं फोनवर एक फोटो पाठवला. तो त्या रानावरून जात होता. मातीचा ढीग, पावसानं बसलेला, मधूनच कौलाचे लाल तुकडे, आणि सगळ्या ढिगावर बोटभर उंचीची हिरवी रोपं, दाट. काकी शेवटपर्यंत सोप्यात मिरची वाळवत होती. जमिनीच्या आणि भिंतींच्या भेगांत बी राहिलं असणार. किंवा परड्यातलं वांग्याचंही असेल, तीही लावायची ती.

मी लगेच फोन केला. "मिरचीच हाय का रे?"

"बारकी हायत अजून, आक्का," तो म्हणाला. "मिरचीचं आन्‌ वांग्याचं रोप एवढ्यात कळत न्हाई. फूल येऊ दे."

मालकाला ढीग पसरायची घाई आहे का, असं मी विचारलं. आठ दिवस थांब म्हणून सांगून आलोय, म्हणाला.